फुटक्या कोपऱ्यावरून गेलेला प्रकाश
डॉक्टरेट मिळाल्यावर मी हिंगणीला घरी आले, तेव्हा पिशवीत विटेएवढा एक जाळीदार ठोकळा होता. बाबांचं आयुष्य गवंडीकामात गेलेलं. त्यांनी तो हातात फिरवला आणि लगेच बोट ठेवलं. "कोपरा फुटला वो याचा. काऊन आणला मंग?"

मी सांगितलं, की हा स्फटिक प्रकाशाला आत शिरू देत नाही, फक्त पृष्ठभागावरून एका दिशेनं जाऊ देतो. मोजणीच्या आदल्या दिवशी तो माझ्या हातून पडला. मी रडले, पण दुसऱ्या दिवशी तसाच यंत्रावर ठेवला. प्रकाश फुटक्या कोपऱ्याला वळसा घालून पुढे गेला.

"मांगं फिरलाच नाई?"

"नाही, बाबा. त्यावरच माझा प्रबंध उभा राहिला."

संध्याकाळी शेजारचे काका आले. मी तोंड उघडायच्या आधी बाबाच सांगू लागले, "उजेड आतून नाई, वरून जाते. कोपरा तुटला तरी वापस येत नाई. माह्या पोरीनं शोधलं हे."

परीक्षकांसमोर मला इतकं सोपं सांगता आलं नव्हतं. चहा ठेवायला उठलेली मी दारातच थांबले आणि बाबांचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं.