दोनदा आलेला करडा दगड

टापटीपकाकांना पसारा सोसत नसे. घरात चपला रांगेत, चमचे उंचीप्रमाणे, आणि दुपारी बायको पलंगावर तिरकी झोपली तर ते तिला हलक्या हाताने सरळ करत. असा माणूस तेल शोधणाऱ्या कंपनीच्या दगडांच्या गोदामात सव्वीस वर्षं नोकरीला होता. दगडांनी याआधी एवढं कौतुक कुठे पाहिलं असेल?

विहीर खोदताना जमिनीतून निघालेले दगडाचे दांडके तिथे लाकडी पेट्यांत ठेवत. सगळ्यात वरचा दगड पहिल्या पेटीत, आणि मग खाली खाली जात चाळिसावी पेटी. कुठली पेटी कितवी, ते झाकणावर खडूने लिहिलेलं. शनिवारी नव्या विहिरीच्या पेट्या आल्या. शेजारी दुसरी विहीर खोदायची की नाही, हे ठरवायला मंगळवारी साहेबलोक येणार होते. त्या विहिरीसाठी कंपनीतल्या भूगर्भवाल्या बाई दोन वर्षं भांडत होत्या. त्यांनी पेट्यांवरून नजर फिरवली, खूश झाल्या, आणि नोंदी सोमवारी करू म्हणून घरी गेल्या.

मग काकांनी फडकं घेतलं. पुसता पुसता त्यांच्या लक्षात आलं की वर करडा चिकणमातीचा दगड, मग पिवळा वाळूचा, मग काळा. आणि त्याखाली पुन्हा करडा, पिवळा, काळा. ट्रकवाल्यांनी घोळ घातलेला दिसतोय, असं पुटपुटत त्यांनी करडे करड्यांत लावले, पिवळे पिवळ्यांत, काळे काळ्यांत. झाकणांवरचे खडूचे डागही ओल्या फडक्याने पुसले. गोदाम असं दिसू लागलं की काका दारातून तीनदा मागे वळले.

सोमवारी बाई आल्या आणि होत्या तिथेच उभ्या राहिल्या.

"काका, हे कोणी केलं?"

"मीच," काका लाजून म्हणाले. "बरं दिसतंय ना?"

बाई स्टुलावर बसल्या. ओरडल्या असत्या तर काकांना परवडलं असतं. त्यांनी काकांच्याच कपाटातली फडकी मागितली आणि करडं, पिवळं, काळं अशा दोन सारख्या चळती शेजारी शेजारी रचल्या. मग एक चळत ढकलून दुसरीच्या अंगावर अर्धी चढवली. जमीन दोन्ही बाजूंनी दाबली गेली की अशीच तुटते, त्या म्हणाल्या, आणि तुटलेला भाग शेजारच्यावर चढून बसतो. सरळ खाली खोदत गेलं की तोच थर दोनदा भेटतो. तेल दगडात मुरलेल्या पाण्यापेक्षा हलकं. ते पिवळ्या दगडाच्या बारीक छिद्रांतून वर सरकत येतं आणि तुटलेल्या जागी पोचतं, तर समोर करडी चिकणमाती. ती वाट देत नाही. मग तेल तिथेच मुक्काम ठोकतं.

"म्हणजे तो पसारा नव्हता?"

"पसाराच होता, काका. पण जमिनीने केलेला. मला तोच दाखवायचा होता साहेबांना."

काकांचं तोंड एवढंसं झालं. बाईंची दोन वर्षं त्यांनी एका फडक्यात पुसून टाकली होती. त्यांनी बाह्या सारल्या आणि फुटलेल्या कपाचे तुकडे जुळवावेत तशी दांडक्यांची टोकं एकमेकांना लावून बघायला बसले. जेवायलाही उठले नाहीत. मंगळवारी सकाळपर्यंत सगळं जुळलं, एक जागा सोडून. तिथली दोन्ही टोकं सपाट, चकचकीत, ओरखडे असलेली.

"एक तुकडा हरवला, बाई," काका रडवेले होऊन म्हणाले. "माझ्याच हातून गेला असणार."

बाईंनी त्या टोकांवरून बोट फिरवलं आणि हसायलाच लागल्या. "काही हरवलेलं नाही. जमीन सरकली ती इथेच. घासून घासून गुळगुळीत झालीय. नेमकी जागा मला तरी कुठे ठाऊक होती?"

साहेबांनीही बोट फिरवलं, माना डोलावल्या आणि सह्या केल्या. सात महिन्यांनी दुसऱ्या विहिरीत तेल लागलं. ती दोन टोकं आता काचेच्या पेटीत आहेत. 'हात लावू नये' ही पाटी कोणासाठी आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहे. काका रोज काच पुसतात, दुसरा हात पाठीमागे धरून.

तेल लागलं त्या रविवारी दुपारी बायको पलंगावर तिरकी झोपली होती. काकांनी सवयीने हात पुढे केला, जरा थांबले आणि मागे घेतला. उगाच हलवायला नको. खाली काय साठलंय, कोणी सांगावं.