साडेनऊचा गजर

सकाळी सातला सागरचा, माझ्या साडूंच्या मुलाचा, फोन आला. "काका, नाना उठत नाहीयेत." आणि मी म्हणालो, "मग झोपू दे ना त्यांना." हे वाक्य मी खरंच बोललो. दत्तूनाना, माझे साडू, मखमलाबादचे फुलवाले. त्यांची झोप गेली दोन वर्षं घरात सगळ्यांनी जपली होती, म्हणून तोंडातून तसं निघून गेलं. सागर रडायला लागला... नाना गेले त्याला आता दीड महिना झाला.

फुलवाल्यांची झोप वेगळी असते. झेंडू, शेवंती अंधारातच खुडायची, डोक्याला बॅटरी बांधून, आणि उजाडायच्या आत पंचवटीतल्या बाजारात माल लावायचा. नाना चाळीस वर्षं अडीचला उठत. पलंगाखाली पितळी ताटात किल्लीचं घड्याळ असे. ताटामुळे गजर दुप्पट वाजायचा. रात्री ऑर्डरींचे फोन संपेपर्यंत अकरा होत. मधुमेह निघाला तेव्हा त्यांनी गोड सोडलं, भात कमी केला, रोज चालायला लागले. त्या बाबतीत माणूस काटेकोर. साखर मात्र हटायला तयार नव्हती.

मधुमेह मलाही आहे, त्यामुळे तपासणीला आम्ही जोडीने जायचो. डॉक्टर दर वेळी विचारत, "झोप किती होते?" नाना ठोकून देत, "सात तास." बाहेर आल्यावर मला बोटांवर मोजून दाखवत. "रातची साडेतीन, दुपारची दीड, टीव्हीपुढची दीड, टेम्पोतली अर्धा. झाले का नाय सात? अहो मास्तर, चार वाफ्यांतली फुलं एका क्रेटात टाकली तरी क्रेट भरतोच ना!" मी शाळेत तीस वर्षं गणित शिकवलं. आकडे जुळत होते, पण झोपेची अशी बेरीज होत नाही हे मला कळत होतं. पण साडूला परक्यासमोर खोटं पाडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी चार वर्षं तोंड शिवून बसलो. गोळ्या तेवढ्या वाढत गेल्या.

मग एकदा दवाखान्याच्या बाकावर ते असे झोपले, की नंबर तीनदा पुकारला तरी जाग नाही. डॉक्टर स्वतः बाहेर आले, त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. "अशी तुकड्यातुकड्यांची झोप पुरत नाही," ते म्हणाले. "रात्रीची सलग हवी. नाहीतर मी गोळ्या देऊन काय करू?" घराच्या दारात नाना म्हणाले, "चुगली केली तुम्ही, मास्तर." पुढे महिनाभर आमच्यात बोलणं नव्हतं.

बोलणं सुरू झालं तेव्हा बाजार सागरकडे गेला होता. नानांच्या पत्नी इंदूताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, यांनी गजराचा काटा अडीचवरून साडेनऊवर आणला होता. उठायचा नाही, झोपायचा गजर. सकाळच्या साडेनऊलाही तो वाजू नये म्हणून गजराची किल्ली त्या संध्याकाळीच देत. चारनंतर चहा बंद, मोबाईल स्वयंपाकघरात. पहिले काही आठवडे नाना अडीचला टक्क जागे होऊन छताकडे बघत पडायचे. सहा-सात महिन्यांनी एक गोळी कमी झाली, चिडचिड गेली, नातवाला शाळेत सोडायला जाऊ लागले. हृदय मात्र आधीच थकलं होतं, असं डॉक्टर नंतर म्हणाले. कशाने, ते मी विचारलं नाही.

तेराव्याच्या रात्री पाहुणे पांगले आणि साडेनऊला ताटात घड्याळ वाजलं. ताईंनी सवयीने किल्ली दिली होती. मी म्हणालो, "ताई, मी आधीच बोलायला हवं होतं."

"ते तर म्हणायचे, मास्तरांनी चुगली केली म्हणून म्हातारपणी दोन वर्षं झोपायला भेटलं."

मला बरं वाटायला हवं होतं. पण आधीची चार वर्षंच डोळ्यांसमोर येत राहिली. ताईंनी घड्याळ ताटासकट माझ्या हातात दिलं. "घेऊन जा, भाऊजी. शुगर तुम्हालाबी हाय."

आता ते आमच्याकडे आहे. दिवेलागणीला मी किल्ली देतो, साडेनऊला ते वाजतं, आणि मी मुकाट्याने दिवा मालवून पडतो. झोप यायला वेळ लागतो.