आमेन म्हणायला माणूस

कारखानदाराला कामगार घाबरतात असं म्हणतात. मला तरी आजवर घाबरलेला कामगार भेटलेला नाही. घाबरतो तो मी. रत्नागिरीबाहेर कातळावर माझा आंब्याच्या पल्पचा छोटा कारखाना आहे. इथे आम्हा ख्रिस्ती माणसांची घरं बोटांवर मोजण्याइतकी, त्यात धंद्यात पडलेला मी एकटाच. धंद्यातली भीती धंदेवाल्यांना सांगता येत नाही, बाजारात बोंब व्हायला वेळ लागत नाही. चर्चमध्ये सांगावी तर आमचे पाळक म्हातारे, प्रेमळ. "ओझं प्रभूच्या पायाशी ठेवून द्या," म्हणतात. मी ठेवायचो. निघताना मात्र विसरलेली छत्री आठवावी तसं परत उचलून घरी आणायचो.

बायको होती तोवर बरं होतं. सकाळी चहाच्या आधी मी मोठ्याने प्रार्थना करायचो, शेवटी ती आमेन म्हणायची. मी फारच लांबण लावली आणि तिकडे दूध वर आलं, तर मध्येच म्हणून मोकळी व्हायची. ती गेल्यावर घरात मोठ्याने बोलणंच बंद पडलं. प्रार्थना कारखान्यात, केबिनचं दार लावून, मनातल्या मनात. विश्वास उडाला नव्हता. पण भिंतीशी बोलल्यासारखं वाटायचं, आणि हे पाळकांना सांगायची लाज वाटायची.

गेल्या वर्षी सीझनच्या तोंडावर आमच्या सगळ्यात मोठ्या गिऱ्हाइकाने हात वर केले. आदल्या सालच्या मालातले काही डबे त्याच्या गोदामात फुगले होते. चूक आमची की त्या गोदामातल्या उकाड्याची, हा वाद चालूच राहिला. ऑर्डर मात्र गेली. दोन लाइनींपैकी एकच चालणार होती. म्हणजे देवरूखकडून आमच्या बसने येणाऱ्या, आंबे सोलणाऱ्या बायकांना त्या वर्षी काम नाही. त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या घरात हाच काय तो सीझनचा आधार. ऑर्डर गेल्याचं मला माहीत होतं, आणि फक्त मलाच. रोज ठरवायचो, आज सांगू. रोज दार लावून प्रभूला सांगायचो आणि त्यावरच भागवायचो. शेवटी सीझनचा पहिला दिवस उजाडला, बस नेहमीसारखी गेली आणि त्यांना घेऊन आली. मी थांबवली नाही.

आमच्याकडे बॉयलर पेटवण्याआधी गाऱ्हाणं घालतात. बॉयलरवर काम करणारे काका नारळ हातात धरून सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागतात, आणि प्रत्येक मागण्यावर बाकीचे एका आवाजात "होय म्हाराजा" म्हणतात. कुणाचा दुखरा गुडघा, कुणाच्या मुलीचं लग्न, कुणाच्या मुलाची पोलीस भरती, सगळं उघड्यावर, सगळ्यांच्या देखत. मी केबिनच्या पायरीवर हात मागे बांधून उभा राहतो. ते मला बोलावत नाहीत, मी जात नाही. दोघांचाही मान राहतो.

त्या दिवशी काकांनी शेवटी विचारलं, "कुनाचा काय रायलाय काय? आसंल तर बोला."

ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. तरी मी बोललो. पायरीवरूनच सांगितलं, की ऑर्डर गेली, एकच लाइन चालेल, देवरूखची बस उद्यापासून जाणार नाही.

मग काकांनी नारळ पुन्हा उचलला. "बा देवा म्हाराजा, आमच्या शेठांवर संकाट आलाय, ता दूर कर. आनि ज्या बायांचा काम गेला, त्यांच्या हाताला दुसरा काम दे."

होय आलं. मागून, देवरूखच्या बायकांच्या घोळक्यातून, जरा उशिरा आणि हळू आलं, पण आलं. मला ते सहन होईना. आत जाऊन मी दार लावून घेतलं.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. त्या बायकांतली सगळ्यात मोठी, जिला सगळे मावशी म्हणतात, पदराला हात पुसत उभी होती. मला वाटलं भांडायला आली असेल. खरं सांगतो, भांडली असती तर बरं वाटलं असतं.

"शेठ, तुमी दार लावून तुमच्या देवाला सांगता ना?"

"हो."

"मंग होय कोन म्हनता?"

आमच्यात तसं लागत नाही, प्रभू मनातलंही ऐकतो, असं सांगणार होतो. ते खरंही आहे. पण तोंडून निघालं, "आमची ही म्हणायची."

मावशी आत आली आणि खुर्चीवर न बसता टेबलाशी उभी राहिली. "सांगा तुमी," म्हणाली. "बस सुटायला येळ हाय."

मी डोळे मिटले आणि बायको गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने प्रार्थना केली. काय काय मागितलं ते सगळं आठवत नाही. कारखान्याचं मागितलं, त्या बायकांचं मागितलं. मग मला एकट्याला हे झेपत नाही, असं म्हणालो आणि तिथेच अडकलो.

"होय म्हाराजा," मावशी म्हणाली.

बाहेर हॉर्न वाजला, तशी ती निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी लाइन चालू झाली आणि मी प्रार्थनेला बसलो, तेव्हा दार उघडंच ठेवलं. ती आली नाही. देवरूखची बस बंद, येऊ नका, असं मीच सांगितलं होतं.