एका तारखेसमोर दोन नावे

अंबडजवळच्या आमच्या देवालयात नित्यपूजेच्या पाळ्या तिथीनुसार ठरतात; प्रत्येक घराण्याची तिथी पिढ्यान्‌पिढ्या निश्चित आहे. वर्षाची यादी मी हाताने करीत असे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माझी दृष्टी मंदावली, तेव्हा विश्वस्तांनी जालन्याहून संगणकाचा एक प्रोग्रॅम आणला. परतूरपर्यंतची देवळे तोच वापरीत होती, म्हणून मीही निःशंकपणे त्याची यादी दाराशी लावली.

चौथ्या दिवशी कुंभार पिंपळगावची एक वृद्धा आली. वैशाख वद्य सप्तमी हा तिच्या घराण्याचा वर्षातला एकमेव दिवस. यादीत तिचे नावच नव्हते. ती भांडली नाही. "गुरुजी, देवानं माझा दिवस काढून घेतला का?" एवढेच तिने विचारले.

मी पंचांग उघडले. त्या वर्षी सप्तमीचा क्षय होता; एका सूर्योदयानंतर सुरू होऊन ती दुसऱ्यापूर्वीच संपत होती. अशा वेळी षष्ठीवाल्यांनी सकाळी आणि सप्तमीवाल्यांनी दुपारी पूजा करावी, हा आमचा प्रघात. प्रोग्रॅमला मात्र एका तारखेसमोर एकच नाव ठाऊक.

विश्वस्तांच्या कानी घातले, तर त्यांच्यातले एक म्हणाले, "सगळे हेच वापरून राह्यले, गुरुजी. एका बाईसाठी नवं कुठून आणायचं?"

माझी पुतणी अंबडला संगणक शिकवीत असे. त्याच प्रोग्रॅमची डागडुजी कर, असे मी तिला सुचविले. तिने ते मानले नाही. यंत्राला हात न लावता तीन दिवस ती माझ्यासमोर बसून राहिली. मला जुन्या पद्धतीने यादी करायला लावली. मग म्हणाली, "काका, तुम्ही तारखेपासून सुरुवातच करत नाही. आधी माणसाचं नाव लिहिता, मग त्याचा दिवस शोधता." तिचा प्रोग्रॅम तिथूनच सुरू झाला, आणि दाराशी लावलेल्या नव्या यादीत त्या तारखेसमोर षष्ठीवाल्यांबरोबर वृद्धेचेही नाव आले.

एक मात्राही न बदलता पाठ म्हणण्यात माझे आयुष्य गेले. स्वतःचे काही रचणे मला उद्धटपणाचे वाटे. परंतु सर्वांनी स्वीकारलेल्या त्या प्रोग्रॅमला आमचे देवालय ठाऊकच नव्हते, आणि पुतणीच्या नव्या रचनेत आमची जुनी रीत जशीच्या तशी उतरली होती.

वैशाखातल्या त्या दुपारी वृद्धा सोवळ्याने गाभाऱ्यात गेली. दिवसातून दुसऱ्यांदा पूजेची घंटा वाजली, तेव्हा मी सभामंडपात खांबाला टेकून बसलो होतो. जपमाळ हातातच राहिली आणि कित्येक दिवसांनी निवांत डोळा लागला.