शिळं पाणी

कार्यक्रम संपत आला की कोणीतरी हमखास विचारतं, "मॅडम, तुम्हाला लेखनाची प्रेरणा कुठून मिळते?" तोवर मला घरी जाऊन पाठ टेकायचे वेध लागलेले असतात. मी म्हणते, "नळावर." सभागृह हसतं. विनोद नव्हता हे समजावून सांगायचं त्राण आता माझ्यात उरलेलं नाही, म्हणून मीही हसते आणि शाल सावरून खाली उतरते.

पण ते खरंच आहे. माझ्या सगळ्या कादंबऱ्या औरंगपुऱ्यातल्या आमच्या गल्लीत, नळाशेजारच्या पायरीवर बसून लिहिलेल्या आहेत. आमच्याकडं पाणी रोज येत नाही, हे इथल्या माणसाला सांगायला नको. पाण्याचा दिवस ठरलेला असे, वेळ मात्र देवाला ठाऊक. त्या दिवशी मी शाळेतून अर्ध्या दिवसाची रजा टाकायची, घरात असतील नसतील तेवढी भांडी दारात मांडायची आणि पायरीवर कागद घेऊन बसायची. लग्न झाल्यापासून बाईमाणसाला नुसतं बसायला मुभा मिळे ती एवढीच. नळापाशी बसलेल्या बाईला घरात कोणी हाक मारत नाही. आमच्या ह्यांनाही वाटायचं, ही पाण्याची वाट बघतेय. मीही त्यांचा गैरसमज कधी दूर केला नाही.

पाणी यायच्या आधी नळ सूं सूं करायला लागे. मग गल्लीत एकच धांदल. प्रत्येक घरातून हंडे, घागरी, पिंपं पालथी व्हायची. मागच्या वेळचं पाणी शिळं झालं ना! वापरायला चांगलं असलं तरी ते झाडांना, अंगणाला, नाहीतर सरळ गटारात. आठवडाभर थेंबाथेंबाला जपलेलं पाणी बायका हसत हसत ओतून देत. मला पाण्याबरोबर कागदांचीही तीच सवय लागली. मागच्या खेपेला लिहिलेलं मी आधी वाचून बघायची. शिळं वाटलं की फाडून चुलीत. त्या सवयीनं माझं लिखाण सुधारलं असेलही, पण फार कमी झालं, आणि मी फार थकले.

अख्ख्या गल्लीत शिळं पाणी न ओतणारी एकच बाई होती, समोरची आक्का. तिचा माठ कधी पालथा झालेला मी पाहिला नाही. जुन्या पाण्यावरच ती नवं पाणी घालायची. बायका तिची थट्टा करायच्या. "आक्का, तुमच्या माठात तर निजामाच्या वेळचं पाणी असंल!" आक्का म्हणायची, "असंल, असंल. तुमाला पाजते का म्या?" एरवी लई खमकी बाई. तिचे आईबाप मेंढरं घेऊन गावोगाव फिरणारे. लहानपणीच ती इकडं आली, बांधकामावर पाट्या वाहून तिनं संसार केला आणि आमच्या समोरच्या दोन खोल्यांत म्हातारी झाली.

आक्काला गोष्टी सांगायची दांडगी हौस, पण त्या फक्त नळाला पाणी असेतो. हंडा भरत असायचा आणि ती सांगत असायची: मेंढरं शेतात बसवली की शेतकरी खताच्या बदल्यात जोंधळे कसे द्यायचा, बिऱ्हाड घोड्यावर कसं लादायचं, वाटेत व्याली तर मेंढीचं कोकरू कुणी उचलायचं. निजामावर पोलीस ॲक्शन झाली तेव्हा ती सात-आठ वर्षांची असावी. तिला त्यातलं एवढंच आठवे, की रस्त्यावरून लष्कराच्या गाड्या गेल्या आणि मेंढरं बुजून रानोमाळ झाली. मी ऐकत राहायची. माझ्या कादंबऱ्यांतल्या बायका सुशिक्षित असोत की अडाणी, भांडताना आक्कासारख्याच भांडतात. समीक्षकांनी त्याला मोठमोठी नावं दिली. आक्काला मी ते सांगितलं तर ती म्हणाली, "मंग भांडणाचं मानधन मला द्या की."

शेवटची कादंबरी मी तिच्यावरच लिहायला घेतली. तिला विचारून घेतली. मेंढरांमागची एक पोर, तिचं चालणं, पुढं गल्लीतला तिचा संसार, आणि मधे एके दिवशी तिचं चालणं थांबतं. का थांबतं, तेच मला माहीत नव्हतं. बिडकीनच्या शिवारात त्यांचा तळ पडला, धाकटा भाऊ तापानं फणफणला, इथवर आक्का यायची आणि म्हणायची, "पाणी गेलं, बाई." हंडा उचलून आत. पुढच्या खेपेला पुन्हा तिथंच. माझा नळ तिच्याच लाईनवरचा, तो मात्र वाहतच असायचा. तिनं स्वतःच तोटी बंद केलेली मला दिसायची. बाई सांगेल तेव्हा सांगेल, असं म्हणत मी वाट पाहत राहिले आणि तेवढ्यात आमचं घर सुटलं.

मुलानं उस्मानपुऱ्यात फ्लॅट घेतला. हे गेल्यावर मला एकटीला गल्लीत ठेवायला तो तयार नव्हता. फ्लॅटला बोअर आहे, टँकर येतो, नळाला चोवीस तास पाणी. सुनेनं हौसेनं मला खिडकीशी टेबल मांडून दिलं, दिवा दिला, मानेला आधार देणारी खुर्ची दिली. "आता निवांत लिहा, आई." मी निवांत बसले. निवांत बसून बसून पाय सुजले, पण ओळ सुचेना. आयुष्यभर कुरकुर केली की लिहायला जागा नाही, वेळ नाही. आता दोन्ही मिळालं आणि कळलं, की मला लिहिता येतं ते फक्त कशाची तरी वाट बघताना. रडू यायचं. वयाच्या या टप्प्यावर स्वतःवर हसावं एवढीही ताकद नसते.

एके सकाळी मी उठले आणि स्वयंपाकघरातली सगळी भांडी भरून ठेवली. पातेली, डबे, कुकर, चहाच्या आधणाचं भांडंसुद्धा. सून उठून आली ती दारातच थबकली. "आई, अहो, पाणी जाणार नाहीये कुठं!" मला एकदम आठवलं, आज गल्लीतला पाण्याचा दिवस. हात आपोआप चालले होते. सुनेचा चेहरा बघून मला तिचीच दया आली. नवऱ्याला काय सांगावं या विचारात होती बिचारी. मी म्हटलं, "मला रिक्षा बघून दे. गल्लीत जाऊन येते."

आक्का दारातच होती. पार वाळली होती, पण जीभ शाबूत. "या, चोवीस तासवाल्या बाई. आता हितं काय न्यायला आल्या?"

"तुम्हाला भेटायला आले, आक्का."

"मला का गोष्टीला?"

तिनं तिच्या दारातली जुनी पायरी हातानं झाडली. मी बसले. नळ सूं सूं करायला लागला. आमच्या दोघींचीही मनगटं गेलेली, तेव्हा तिची नवी नातसून भांडी मांडत होती. पोर कामाची होती. चटाचटा हंडे पालथे घातले आणि माठाला हात घालून तो कलता केला.

"वतू नको!" आक्का अशी ओरडली की पोरीच्या हातातून माठ निसटता निसटता राहिला. "वतू नको गं. ऱ्हाऊ दे त्ये."

पोर घाबरून आत गेली. मी तांब्यानं तिच्या माठात पाणी घालायला लागले, जुन्यावर नवं, तिच्या पद्धतीनं. थोड्या वेळानं ती माझ्याकडं न बघता बोलायला लागली.

"बा मेंढरं घिऊन म्होरं गेलता. आय हकीमाकडं, बिडकीनला. मला म्हणली, धाकल्याला घोट घोट पाजत ऱ्हा. माठात कालचं पाणी व्हतं. मळ्यातल्या बायका म्हणायच्या, आजाऱ्याला शिळं पाजू नाय. म्या वतून दिलं, बाई. म्हणलं, हिरीचं ताजं आणते. तर हिरीवर दोर नाय, मालक घरी घिऊन गेलता. मंग नाल्यावर पळाले. लई लांब नाला. आले तवा आय बसल्याली. त्याला मांडीवर घिऊन, रिकामा माठ बाजूला."

"आक्का, तापच तसा असेल."

"व्हय, आसंल. पर पाणी पाणी करीत गेला आसंल की. कोन व्हतं ऐकाया?" तिनं पदरानं तोंड पुसलं. "आय मला कदी शब्दानं बोलली नाय. पर तिथून हलली बी नाय. बाला म्हणली, म्या ह्याला सोडून म्होरं येत नाय. मेंढरं इकली. मंग जवळच म्हणून शहरात आलो, पाट्या वाहिल्या, तुमी बघितलंच."

नळ अजून चालू होता. तिनं या वेळी तोटी बंद केली नाही.

मला विचारायला लाज वाटत होती, तरी विचारलं. कादंबरीकाराची जातच तशी. "हे लिहू का, आक्का?"

"लिवा की. तुमचं कामच हाय." तिनं माठाच्या तोंडावर झाकण ठेवलं. "पर तुमच्या पुस्तकात त्येला पाणी मिळू द्या."

मी हो म्हणून आले. रिक्षात बसेपर्यंत ध्यानात आलं नाही, मी काय कबूल केलंय ते. पोराला पाणी मिळालं, पोरगा वाचला, तर आई कशाला अडून बसेल? सकाळी तळ हलणार. मेंढरं पुढं, घोड्यावर बिऱ्हाड, आणि मागं धाकट्याला कडेवर घेतलेली पोर. ती शहरात येतच नाही, आमच्या गल्लीत येतच नाही. सगळी कादंबरी तिच्या गल्लीतल्या आयुष्यावर उभी, ती अशी पायापासूनच निखळते. इतक्या वर्षांची मेहनत. मी इतकी दमलेय की नव्यानं मांडायची उमेद नाही.

तरी घरी आल्यावर मी ओट्याशी गेले. सकाळी भरलेली भांडी तशीच होती, सुनेनं हात लावला नव्हता. त्यांच्याशेजारी स्टूल ओढलं आणि कागद घेतला. पोरीनं माठ उचलला, क्षणभर विचार केला आणि तो तसाच ठेवला. मग वाटी बुडवून कालचंच पाणी धाकट्याच्या ओठांना लावलं. तो प्याला. अजून मागितलं. सकाळी मेंढरं निघाली, तीही निघाली, आणि माझ्या समोरच्या दोन खोल्यांना कुलूपच राहिलं.

एवढंच लिहून झालंय. पुढच्या पाण्याच्या दिवशी आक्काला वाचून दाखवायचं आहे. तोवर हा कागद मी फाडणार नाही.