गावी जाऊन दाखवू

"लाज ठेव बाजूला नि हात वर कर."

समोर बाई दिसली की आपाचं हे वाक्य ठरलेलं. समोरची काही करायच्या आत ती स्वतःच उजवा हात डोक्यामागे न्यायची आणि डाव्या हाताच्या बोटांनी काखेपासून गोल गोल तपासून दाखवायची. लिफ्टमध्ये, सुपरमार्केटच्या रांगेत, कुठेही. माझी मुलगी लांब जाऊन उभी राहायची. "ममा, शी इज सो एम्बॅरसिंग!"

नव्वदच्या दशकातली गोष्ट. शारजातल्या एका क्लिनिकमध्ये मी रिसेप्शनवर होते आणि आपा मॅमोग्राफीच्या, म्हणजे स्तनांच्या तपासणीच्या, मशीनवर. रत्नागिरीकडची. नवरा, मुलं गावी आणि ही एकटी क्लिनिकच्या व्हिसावर. तुमच्याही ओळखीत अशी एखादी असेल, जिला बघून लोक रस्ता बदलतात आणि अडलं की तिचंच दार वाजवतात.

तिच्या खोलीबाहेर सोनेरी केसांच्या एका बाईचं पोस्टर होतं. पन्नाशीनंतर तपासणी करून घ्या, असं ती हसत सांगायची. आपा रोज तिच्याशी भांडायची. "हिचं ठीक आहे गो. माझ्याकडे येतात त्या चाळिशीतल्या. नि येतात कधी? गाठ लिंबाएवढी झाल्यावर. आमच्या बायांचा अभ्यास कोणी केलाय?"

आमचे डॉक्टर भला माणूस. ते म्हणायचे, "सिस्टर, तुमचं खरं असेल. पण मला केसेस दाखवाव्या लागतील. तुमच्याकडच्या बायका, इथे निदान झालेल्या, इथेच उपचार घेतलेल्या. त्या मिळाल्या की चाळिशीपासून बोलवा, असं मी लिहून देतो."

घोडं नेमकं तिथेच पेंड खात होतं. आखातातली आपली माणसं दात दुखला तरी म्हणणार, गावी जाऊन दाखवू. तिथे ओळखीचा डॉक्टर असतो, सोबतीला जाऊ असते, आई असते. सगळी दुखणी जुलैच्या सुट्टीच्या तिकिटाला बांधलेली. दुखण्याला हे कोण सांगणार?

मग आपाने हळदीकुंकवाला गाठलं. माझ्याच घरी. वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला आणि दार लावून म्हणाली, "आता सगळ्यांनी हात वर करा." बायका हसून बेजार. एकीच्या हातातला लाडू पदरात पडला. बाहेरच्या खोलीत पुरुषांनी टीव्हीचा आवाज उगाचच वाढवला. पण बायांनी हात वर केले, आणि आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजारणीची बोटं एका जागी थांबली. आपाने ते बरोबर पाहिलं.

शेजारीण चाळिशीच्या आतली. नवरा लांब रुवैसला रिफायनरीत, सुट्टीपुरता घरी यायचा. आपाने दुसऱ्याच दिवशी तिला मशीनवर घेतलं. गाठ होती. "यल्ला, चल, बायोप्सी कर. आजच."

"जुलैत जातोच आहोत ना आपा. इन्शाल्ला, तिकडेच दाखवू."

"अल्लाचं नाव तुझ्या भीतीला लावू नकोस!"

आपा त्यांच्या घरी जाऊन बसायची. शेवटी सुट्टीवर आलेला नवरा म्हणाला, "तिला घाबरवू नका, आपा," आणि त्याने दार लावून घेतलं. जुलैत दुधाची पावडर, बदाम भरून बॅगा गेल्या. सप्टेंबरात तो एकटाच परत आला. तिची कढीपत्त्याची कुंडी त्याने आमच्या दाराशी आणून ठेवली.

आपा डॉक्टरांच्या खोलीत शिरली. "हिला तरी धरा तुमच्या केसेसमध्ये."

"सिस्टर, बायोप्सी नाही, म्हणजे तिचं निदान इथे झालंच नाही. माझ्याकडे ती नाहीच."

"म्हणजे आमच्या बाया मरायला गावी जातात, म्हणून इथे त्यांना आजारच नाही! वा!" बाहेर बसलेले पेशंट माना वळवून बघायला लागले. मलाही ओरडावंसं वाटलं. मी पुढचं नाव पुकारलं.

दोन हजार साल उलटल्यावर एकदा दुपारी जेवताना सुरमईचा काटा काढता काढता ती म्हणाली, "मला गाठ आहे."

घरून रोज फोन, निघून ये. ही हटेना. "मी इथेच दाखवणार. एक तरी आमची बाई इथली म्हणून धरू दे त्यांना." ऑपरेशन इथे झालं, औषधं इथे सुरू झाली. हळदीकुंकवाच्या बायकांनी वार लावून घेतले. कोणी पेज, कोणी सोलकढी, तळमजल्यावरची श्रीलंकेची मोलकरीण भात घेऊन यायची. डबा घेऊन आलेल्या प्रत्येकीला आपा उशीवरूनच विचारायची, "तू दाखवलंस?" त्यातल्या काही तर खरंच क्लिनिकमध्ये आल्या. मला वाटलं, जिंकली बाई.

पण औषधं अर्ध्यावर असतानाच तिची आजारपणाची रजा संपली आणि क्लिनिकने व्हिसा रद्द केला. मी मॅनेजरशी भांडले. "मॅडम, पॉलिसी है. खलास." ज्या भिंतींमध्ये तिने एवढ्या बायकांना वाचवायची धडपड केली, तिथेच हे ऐकावं लागलं. आजही आठवलं की माझं डोकं तडकतं.

विमानतळावर ती व्हीलचेअरमध्ये बसली होती. माझं मनगट पकडून म्हणाली, "डॉक्टरला सांग गो, मी गेले नाही. मला पाठवलं." पुढच्या पावसाळ्याआधीच ती गेल्याचं गावाहून कळलं.

निरोप पोचवायला मी गेले, तर डॉक्टरच नोकरी बदलून कॅनडाला गेलेले.

काही महिन्यांनी क्लिनिकमध्ये नव्या डॉक्टरांचं भाषण झालं. भिंतीवर पडदा, मागे सामोशांचे ट्रे. ते म्हणाले, आपल्या भागातल्या भारतीय बायकांमध्ये चाळिशीत केसेस जवळजवळ नाहीत. उपचार सोडून मायदेशी निघून गेलेल्या पेशंट अर्थातच धरलेल्या नाहीत.

मी हात वर केला.

"प्रश्न शेवटी घेऊ," ते हसून म्हणाले.

शेवटी चहा जाहीर झाला. खुर्च्या सरकल्या, सगळे उठून ट्रेकडे गेले. माझा हात वरच होता.