कमरेपर्यंत भिजलेली साडी

शाळेत माझा सत्कार झाला तेव्हा मी पस्तिशीची होते. प्रार्थनेच्या ओट्यावर मुख्याध्यापकांनी माझ्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. सगळ्या वर्गांनी टाळ्या वाजवल्या. ज्या कामासाठी त्या टाळ्या होत्या ते काम मी केलं नव्हतं, आणि हे माहीत असलेली पंचवीस माणसं त्याच पटांगणात उभी होती. त्यातली चोवीस माझ्या पाचवीच्या वर्गातल्या मुली होत्या. पंचविसावी आमच्या शाळेतली मावशी.

आम्ही सिल्वासाला आलो ते ऐंशीनंतर, ह्यांना तिथल्या सरकारी कचेरीत नोकरी लागली म्हणून. दोन वर्षांनी मला मराठी शाळेत शिक्षिका म्हणून घेतलं. आजूबाजूला धाग्याचे, प्लॅस्टिकचे कारखाने नुकते उभे राहत होते. धुळे-जळगावकडची माणसं त्यात कामाला येत. त्यांची मुलं आमच्याकडे, पाड्यांवरची वारली मुलंही आमच्याकडे. एकाच बाकावर तीन तऱ्हांची मराठी बोलली जायची आणि भांडण झालं की सगळे गुजरातीत शिव्या द्यायचे.

माझं माहेर रत्नागिरीकडचं, खाडीकाठचं. लहानपणी पाठीला सुक्या नारळांची जोडी बांधून भावांबरोबर मी पोहायला शिकले आणि त्यांच्याही पुढे गेले. भरतीच्या वेळी खाडी ओलांडून पलीकडच्या देवळाच्या पायरीला हात लावून परत यायची. शहाणी झाल्यावर आईने पाणी बंद केलं. पुढे कित्येक वर्षं स्वप्नात मी पोहत असे, पण ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. वर्गात मात्र फुशारकीने सांगायची, "अगं, मी पाण्यातच वाढलेय. मासोळी म्हणायचे मला."

मासोळी राहिली नव्हती. दोन बाळंतपणांनंतर अंग सुटलं होतं. शाळेचा जिना चढताना मधल्या वळणावर थांबून मी उगाच वह्या चाळायची, म्हणजे दम लागलाय हे कुणाला कळू नये. आणि मला मशेरीचं व्यसन होतं.

धाकट्याच्या वेळी दाढ ठणकत होती तेव्हा शेजारणीने बोटावर दिली, "लाव जरा, बरं वाटेल." बरं वाटलं. मग रोज सकाळी, मग दुपारी जेवणानंतर, आणि सिल्वासाला येईतो दिवसातून सात-आठ वेळा. तंबाखू मी घरीच तव्यावर भाजायची, खिडक्या लावून घेऊन. वास बाहेर गेलाच तर "मिरच्या करपल्या हो" असं शेजारी सांगायची. छोटी डबी रुमालात गुंडाळून पर्समध्ये असायची. दर शनिवारी मी मुलांची नखं आणि दात तपासायची. "दात दाखव. हे काय, घासत नाहीस?" असं दरडावताना माझ्या स्वतःच्या ओठावर पदराचं टोक असायचं.

त्या वर्षी जानेवारीत आम्ही सहल राखोलीला नेली, नदीवर. मुलांना घेऊन एक सर पुलाच्या अलीकडे क्रिकेट खेळत होते. मुलींकडे मी, आणि भांडी घासायला मावशी. मावशी राखोलीजवळच्याच एका पाड्यावरची वारली बाई, शाळेत रोजंदारीवर होती. ती मला "तू" म्हणायची. तिच्या बोलीत सगळ्यांनाच तू म्हणतात हे मला ठाऊक होतं, तरी मला ते खुपायचं.

जेवणं झाली. मुली घोट्याएवढ्या पाण्यात खेळत होत्या. मी त्यांना म्हटलं, "त्या मोठ्या दगडाच्या पुढे कुणी जायचं नाही," आणि एका झुडपाआड गेले. दुसऱ्या कशासाठी नाही, मशेरी लावायला. सकाळपासून लावली नव्हती आणि डोकं फुटायची वेळ आली होती. झाडाला टेकून डोळे मिटून मी हिरडीवर बोट फिरवत होते. किती वेळ, सांगता येणार नाही. पाच मिनिटं असतील, दहा असतील.

ओरडा झाला तेव्हा मी धावले. दगडाच्या पलीकडे डोह होता आणि त्यात एका मुलीचे हात दिसत होते, नुसते हात. मी पाण्यात शिरले. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत. तिथे माझी छाती धडधडायला लागली, डोळ्यांपुढे अंधारी आली, तोंडातली थुंकी घशात उतरली आणि ठसका लागला. मी उभी राहिले. पुढे एक पाऊलही टाकलं नाही. माझ्या बाजूने कुणीतरी सपकन पाण्यात गेलं. ती मावशी होती. तिने मुलीला केसांना धरून वर काढलं, काठावर पालथं घातलं, पाठ चोळली. मुलगी ओकली आणि रडायला लागली. ते रडणं ऐकून मीही रडले.

निरोप पुलाकडे जाऊन सर येईतो बराच वेळ गेला; तोवर मावशी मुलीला घेऊन उन्हात बसली होती आणि तिच्या अंगावरचं लुगडं वाऱ्याने अर्धं सुकलं होतं. पाण्यातून तेव्हा कुठे बाहेर येत होते ती मी. सरांनी माझ्या भिजलेल्या साडीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाई, तुम्ही होतात म्हणून! नाहीतर आज काय झालं असतं?"

मी तोंड उघडलं नाही. तेव्हाचं खरं कारण सांगायचं तर तोंड काळं होतं म्हणून. पण घरी येऊन मी चूळ भरली, आणि सोमवारी मुख्याध्यापकांनी "शाब्बास" म्हटलं तेव्हा तोंड स्वच्छ होतं. तेव्हाही मी नुसती मान खाली घातली. त्यांना तो विनय वाटला.

सत्कारानंतर मी माठांजवळ मावशीला गाठलं. म्हटलं, "मावशी, सरांचा काहीतरी गैरसमज झाला."

ती माठ विसळत होती. म्हणाली, "झाला तर झाला. शाल बरी आहे." मग, वर न बघता, "बाय, तू तेव्हा कुठं गेली होतीस?"

"तिथेच होते."

"तोंडाला काळं लागलेलं तुझ्या," ती म्हणाली आणि पाणी ओतून दुसरा माठ घेतला. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मी उलट बोलले असते, तेवढी मी तयारीची होते.

त्याच आठवड्यात त्या मुलीची आई घरी आली. धुळ्याकडची, नवरा कारखान्यात, सामरवरणीला एका खोलीत राहायचे. तिने नागलीच्या पापडांचा डबा पुढे ठेवला आणि मी अडवायच्या आत माझ्या पायांवर डोकं ठेवलं. "बाई, मनी पोर तुम्ही वाचाडी," ती तिच्या अहिराणीत म्हणाली, माझी पोर तुम्ही वाचवली. ह्यांनी आतून अभिमानाने चहा सांगितला. मी चहा केला. तिला दिला. ती गेल्यावर मोरीत जाऊन डबी उघडली, सगळी मशेरी पाण्यात सोडली आणि संध्याकाळी शेजारणीकडे जाऊन दाढदुखीचं निमित्त करून चिमूटभर मागून आणली. माझा निश्चय असा चार तासांचा होता.

सुटायला सात महिने लागले. ज्यांनी सोडलीय त्यांना ठाऊक आहे, पोट साफ होत नाही, डोकं भणभणतं, मुलांवर हात उगारला जातो. माझाही उगारला गेला. तीनदा पुन्हा लागली. बोटाला चाळा हवा म्हणून मी बडीशेप ठेवली, मग लवंग. पण खरा उपयोग झाला तो चालण्याचा. पहाटे अंथरुणातून उठल्या उठल्या पहिली तलफ यायची, ती चुकवायला मी घराबाहेर पडायला लागले. सामरवरणीच्या रस्त्याने जायचं आणि यायचं. "एवढ्या सकाळी कुठे निघालीस? दूध यायचंय," हे म्हणायचे. मी म्हणायची, "तुम्ही घ्या." आयुष्यात पहिल्यांदा मी असं म्हणत होते. रात्रपाळी सुटून येणाऱ्या कामगारांचे घोळके समोरून यायचे आणि मला उगाच वाटायचं, ती मुलीची आई यातल्या कुणाला तरी माझं कौतुक सांगत असेल.

पावसाळा संपल्यावर एका रविवारी मी मावशीच्या पाड्यावर गेले. माझ्याजवळ बोलायला तोंड नव्हतं, तरी म्हटलं, "मला पुन्हा पोहायला शिकव."

ती हसली. "तू तर मासोळी ना?" मुलींनी तिला सांगितलं होतं.

"होते," मी म्हटलं.

नदी ओसरली होती. तिने मला पुलापासून लांब, बायका कपडे धुतात तिथे नेलं. साडीचा काचा मारून मी पाण्यात उतरले आणि कमरेएवढं पाणी आल्यावर पुन्हा थांबले. अगदी तसंच, छातीत धडधड. मावशीने माझा हात धरला नाही. पुढे जाऊन गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहिली आणि म्हणाली, "पाण्याशी भांडू नको. निज त्याच्यावर."

तिसऱ्या रविवारी मी निजले. कान पाण्याखाली गेले, वर आभाळ, आणि अंगाला वीस वर्षांनी वजन नव्हतं. मी मोठमोठ्याने हसले. मग लक्षात आलं की हसताना मी तोंडावर पदर घेतला नाही. असा आनंद मला कुठल्या तोंडाने होतोय, असंही वाटलं. ते वाटणं पाण्यातसुद्धा गेलं नाही. पण दर रविवारी मी जात राहिले. थंडीतसुद्धा.

वर्षभराने जिना एका दमात चढता येऊ लागला. दात एका दंतवैद्याकडून साफ करून घेतले. लोक म्हणायचे, बाई किती बदलल्या. ते ऐकून मला अधिकच ओशाळं व्हायचं. शेवटी एक दिवस मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले आणि सगळं सांगितलं. मशेरीसकट.

त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, "बाई, मी वर अहवाल पाठवलाय तुमच्या नावाने. आता बदलायचा तर शाळेची शोभा. मुली सोडून तुम्ही गेला होतात हेही येईल त्यात. मूल सुखरूप आहे ना? सोडून द्या."

"आणि मावशी?"

"तिला काय फरक पडतो?"

फरक पडत होता. ती रोजंदारीवर होती, तिच्या नावाचा एक चांगला कागद कायम व्हायला उपयोगी पडला असता. हे मला माहीत होतं, मी म्हणायला हवं होतं. मी "बरं, सर" म्हटलं आणि बाहेर आले. बाहेर आल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. त्या दुपारची माझी शरम सहलीच्या दिवसापेक्षा मोठी आहे. नदीत मी घाबरले होते. इथे घाबरण्यासारखं फारसं काही नव्हतं.

मग निदान त्या आईला तरी सांगू म्हणून मी सामरवरणीला त्यांच्या खोलीवर गेले. ती तांदूळ निवडत होती. मी दारातच उभ्याउभ्या बोलून टाकलं, की तुमची मुलगी मी नाही, मावशीने काढली.

तिने सूप खाली ठेवलं. "माहीत शे," ती म्हणाली. "पोरनी त्याच दिवशी सांगितलं."

मला कळेना. "मग तुम्ही माझ्या पाया कशाला पडलात?"

ती माझ्याकडे बघत राहिली, इतकं सोपं मला कसं समजत नाही अशी. "तुमच्या वर्गात होती ना पोर, बाई. तुम्ही मनात धरलं असतं तर?" मग म्हणाली, "मावशीकडे आम्ही त्याच रविवारी जाई आलो. लुगडं दिलं. बसा ना, चहा करते."

मी बसले. नाही म्हणायचीही लाज वाटली. ती मुलगी आता सातवीत होती. तिने चहाचा कप आणून दिला आणि माझ्यासमोर, शाळेत उभी राहते तशी हात जोडून उभी राहिली. पहिल्यांदाच मला दिसलं की ती मला घाबरते. चोवीसच्या चोवीस मुली मला घाबरत होत्या. म्हणून दोन वर्षं एकीनेही तोंड उघडलं नव्हतं, आणि मी त्याला माझं नशीब समजले होते.

पुढच्या वर्षी मी मुलींचा पोहण्याचा वर्ग काढला. परवानगी मिळायला त्रास पडला, पण या वेळी मी अर्जावर स्पष्ट लिहिलं की शिकवणार मावशी, मी मदतनीस. रविवारी सकाळी आठ-दहा मुली यायच्या. काही पालकांनी नाकं मुरडली. धुळ्याची ती बाई मात्र मुलीला घेऊन पहिल्याच दिवशी हजर होती. मुलगी पाण्यात उतरेना, तेव्हा मावशी म्हणाली, "नको उतरू. बघ नुसतं." चार आठवडे ती काठावर बसून होती. मी तिच्या शेजारी बसायची. पाचव्या रविवारी ती आपण होऊन उठली.

मावशी कायम झाली ती नव्वदनंतर, माझ्या कुठल्याही प्रयत्नाशिवाय, सगळ्यांबरोबर सरसकट. वर्ग आम्ही सहा-सात वर्षं चालवला. मुली मला अगं-तुगं करण्याइतक्या धीट कधी झाल्या नाहीत, पण पाण्यात असताना "बाई, पाय नीट मारा" असं ओरडून सांगायच्या, आणि मी मारायची.